तळहाताएवढा रंग

एकदा एक म्हातारे कारागीर होते आणि जुन्या मोटारींवरचा रंग उतरवण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक मोटार कुणाची हे लगेच ओळखतील आणि गोष्ट बाजूला राहून भलतीच चर्चा सुरू होईल. संस्थानाच्या काळात त्या गावात मोटारी हौसेने आल्या होत्या. संस्थान गेलं, मोटारी राहिल्या, आणि त्या गंजू लागल्या तेव्हा या गृहस्थांचं महत्त्व लोकांच्या ध्यानात आलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

उस्तादांचं काम वरवर पाहता सोपं होतं. मोटारीवरचा वर्षानुवर्षांचा मळ, तेलकट काजळी, एकावर एक चढवलेले रंग आणि त्याखालची पुट्टी काढून पत्रा मुळात होता तसा उघडा करायचा. पण जो हे काम करतो त्याला मोटारीची सगळी अंडीपिल्ली कळतात. ती कुठे धडकली, कुठे गंजली, कुठला पोचा न काढता वरून नुसतं लिंपण केलं, हे त्याच्यापासून लपत नाही. त्यामुळे हा धंदा माणसाला हळूहळू संशयी करतो. ज्याने जन्मभर चकचकीत रंगाखाली भोकं पाहिली, तो चकचकीत माणसाकडेही जरा तिरकंच बघणार. मला यात गैर काही वाटत नाही. भोळ्या माणसाने जुन्या मोटारीच्या वाटेला जाऊच नये.

उस्तादांचा शिष्य भानुदास या बाबतीत गुरूच्याही चार पावलं पुढे होता. तिशी ओलांडलेला, हाताने कुशल, स्वभावाने अबोल. पत्र्यावर बोटाने टकटक करून खाली लोखंड आहे की पुट्टी, हे तो डोळे मिटून सांगे. पुढे पुढे ही टकटक त्याच्या अंगवळणीच पडली. हॉटेलात चहा आला की तो आधी कपाला टिचकी मारून पाही. एकदा स्वतःसाठी मुलगी बघायला गेला, तर पोहे खाता खाता त्याने भावी सासऱ्याला विचारलं की भिंतींना इतका ताजा रंग दिलाय, तर ओल नेमकी कुठल्या खोलीत आहे. सोयरीक तिथेच संपली. भिंतीला ओल होती, हे त्याने परत येऊन उस्तादांना समाधानाने सांगितलं.

उस्ताद थकले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही त्यांची नजर पूर्वीसारखी राहिली नव्हती. येत्या पाडव्यापासून गॅरेज तू सांभाळायचंस, असं त्यांनी भानुदासला सांगून ठेवलं होतं. आणि त्याच सुमारास गुळाच्या एका व्यापाऱ्याची मोटार त्यांच्याकडे आली.

मोटार लांब नाकाची आणि ऐसपैस होती. अंगावरचा काळा रंग ठिकठिकाणी पापडासारखा फुगला होता. व्यापारी म्हणाला की काळा रंग पुरता काढा, मोटार मुळात होती तशी करायची आहे. एवढं बोलून तो उस्तादांना आतल्या खोलीत घेऊन गेला आणि त्याने दार लोटून घेतलं. गिऱ्हाइकाने दार लोटून बोलावं, असं त्या गॅरेजमध्ये कधी घडलं नव्हतं. थोड्या वेळाने भानुदास काही विचारायला गेला, तेव्हा दोघं एकदम गप्प झाले. बाहेर पडताना व्यापारी हळूच म्हणाला, "हे बाहेर कुठे जाता कामा नये." उस्तादांनी मान हलवली.

भानुदासच्या मनात पहिली टकटक झाली ती तिथे.

काम सुरू झालं. आधी मळ, मग रंग, असा उस्तादांचा क्रम ठरलेला असे. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्यांनी बिजागऱ्यांवरची काजळी मऊ केली. चाकांच्या वरच्या पोकळीत घट्ट बसलेला चिखल लाकडी पट्टीने काढला, कारण उस्ताद तिथे लोखंडी खरवडणी लावू देत नसत. मग रंग उतरवायचं औषध लावल्यावर काळा रंग सुरकुतला आणि त्याच्या साली निघू लागल्या. खाली थेट पत्राच लागत होता. पूर्वी कुणीतरी जुना रंग साफ घासून काढला होता आणि त्यावर हा काळा चढवला होता. भानुदासने याचीही मनात नोंद केली. मूळ रंग इतक्या कसोशीने कुणी काढला असेल, आणि कशासाठी?

मागच्या दाराच्या खांबावर विक्रेत्याच्या नावाची पितळी पट्टी बसवलेली होती. काळा रंग देणाऱ्याने ती काढायचा आळस केला होता. उस्तादांनी तिचे स्क्रू सोडवले. खाली तळहाताएवढी जागा होती आणि तिच्यावर मेणचट काळ्या मळाचं पुट घट्ट बसलं होतं. उस्तादांनी चिंधीच्या टोकाने त्याचा एक कोपरा पुसला. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, मोटार ढकलून उजेडात आणायला लावली आणि पुन्हा पाहिलं. त्यानंतर त्यांनी जे केलं, ते भानुदासने आजवरच्या कामात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वच्छ सुती फडक्याची घडी त्या जागेवर ठेवली आणि चहूबाजूंनी चिकटपट्टी लावून ती झाकून टाकली.

"इथे हात लावायचा नाही," ते म्हणाले. "बाकीची सगळी मोटार उघडी कर."

का, असं भानुदासने विचारलं. उस्ताद काही बोलले नाहीत. कारण आहे पण सांगता येत नाही, एवढं जरी ते म्हणाले असते तरी पुढचं काही घडलं नसतं. पण मोठ्या माणसांना कारण सांगायची सवय नसते. समोरचा आपल्याला ओळखून आहे, असं ते धरून चालतात.

भानुदास ओळखून होताच. ज्या माणसाने आयुष्यभर सगळं उघडं करायला शिकवलं, तो आज एक जागा झाकतो आहे. मग तिथे काय असेल? दुपारी चहाच्या टपरीवर जुन्या सुट्या भागांचा एक दलाल भेटला. त्याच्याशी बोलताना भानुदासने, आपली नव्हे तर दुसऱ्याच कुणाची तरी हकीकत असल्यासारखं, हळूच विचारून पाहिलं. दलाल हसून म्हणाला की जुन्या मोटारींवर कधी कधी पितळी पट्टीखाली आकडे ठोकलेले असतात, आणि मोटार चोरीची असली की तेच आकडे घासून टाकतात. त्याने हे सहज सांगितलं आणि तो चहाचा घोट घ्यायला लागला. भानुदासचा चहा मात्र तसाच राहिला.

आता सगळं कसं चपखल बसू लागलं. दार लोटून केलेलं बोलणं, बाहेर जाऊ नये म्हणून दिलेली ताकीद, मूळ रंग घासून केलेला काळा, आणि पाडव्यापासून गॅरेज त्याच्या नावावर! उद्या पोलीस आले तर बेड्या कुणाच्या हातात पडणार? त्याला मागच्या कितीतरी गोष्टी नव्याने आठवल्या. रंगाचं औषध उस्ताद अजूनही स्वतःच कालवायचे, ते आपल्याला प्रमाण कळू नये म्हणूनच का? दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला त्यांनी एकट्यानेच निरोप दिला होता, तो कोण होता? इतकी वर्षं आपल्याला हातचं राखूनच शिकवलं, याबद्दल त्याची खात्री झाली आणि त्या रात्री तो जेवला नाही. त्याला राग कमी आणि वाईट जास्त वाटलं होतं. बाप गेल्यापासून त्याने ज्या एका माणसाचा शब्द न वाजवता घेतला होता, तो हाच माणूस होता.

पुढच्या आठवड्यात उस्ताद डोळे तपासायला तालुक्याच्या गावी गेले. भानुदासने गॅरेजचं फाटक आतून लावलं.

त्याने चिकटपट्टी सोडवली, फडकं बाजूला केलं. रॉकेलने मळ मऊ करून पुसला आणि खरवडणी घेतली. मळाखाली रंगाचा थर होता, तो निघाला. त्याखाली राखी अस्तर होतं, तेही निघालं. मग त्याने वॉटर पेपर पाण्यात बुडवून जागा घासली आणि पत्रा लख्ख झाला. त्याने भिंग लावून पाहिलं. आकडा नव्हता. घासलेल्या आकड्याचा ठसा नव्हता, ठोकल्याची खूण नव्हती, काहीच नव्हतं.

एवढ्यावर तो थांबला असता तर तो भानुदास कसला. काही सापडत नाही म्हणजे लपवणाऱ्याने फारच सफाईने लपवलं आहे, असं त्याला वाटलं. आकडे कदाचित कडेला असतील म्हणून त्याने कडा घासल्या. वरच्या कोपऱ्यात रंगाची एक बारीक रेघ उरली होती, तीही त्याने घालवली. घासलेलं काळपट पाणी जमिनीवरून ओघळून मोरीत गेलं. शेवटी हात भरून आले तेव्हा त्याने फडकं पुन्हा होतं तसं ठेवलं, चिकटपट्टी लावली आणि फाटक उघडलं. त्याचा संशय तसूभरही कमी झाला नव्हता.

उस्ताद उन्हं कलायच्या आत परतले. त्यांच्याबरोबर शहरातला रंग जुळवणारा होता. कुठल्याही जुन्या रंगाचा तुकडा दाखवा, तंतोतंत तोच रंग कालवून देतो, अशी त्याची ख्याती होती. तो आपल्या डब्यांची पेटी घेऊन आला होता. उस्ताद त्याला थेट मागच्या दारापाशी घेऊन गेले. सगळ्या मोटारीवर मूळ रंग एवढाच उरलाय, असं त्याला सांगत त्यांनी फडकं काढलं.

खाली पत्रा चमकत होता.

रंग जुळवणारा एकदा पत्र्याकडे आणि एकदा उस्तादांकडे बघत राहिला. उस्ताद कितीतरी वेळ त्या जागेवरून बोट फिरवत होते. मग ते वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच भानुदासला सहन होईना.

"कुठला रंग होता?" त्यांनी विचारलं.

भानुदासने हातातली चिंधी खाली ठेवली.

"मी एक कोपरा पुसून पाहिला, पण माझ्या डोळ्यांना आता छटा कळत नाही, म्हणून यांना बोलावलं. आता तो रंग पाहिलेला माणूस तू एकटाच आहेस. हिरवट होता का? निळसर? दुधी?"

भानुदासने आठवायचा फार प्रयत्न केला. रंग त्याच्या डोळ्यांसमोर होता, त्याच्या हाताखालून गेला होता, आणि त्याला काही म्हणजे काही आठवेना.

"मी रंगाकडे बघितलंच नाही," तो शेवटी म्हणाला. "मी चोरीचे आकडे शोधत होतो."

त्यावर उस्ताद खाली स्टुलावर बसले आणि त्यांनी त्याला सगळं सांगितलं. व्यापाऱ्याचे वडील, घरातले आबा, एकेकाळी हीच मोटार घेऊन बाजारोबाजार हिंडायचे. ते आजारी असताना मुलाने, उन्हापावसाने ओळखू न येण्याइतका विटलेला तिचा जुना रंग घासून काढून, हौसेने तिला काळा रंग दिला. पुढे आबांची स्मृती विस्कटली आणि त्यांच्या मनाने घेतलं की ही मोटार आपली नव्हे, मुलाने आपली विकली आणि ही कुणाची तरी काळी आणून ठेवली. रोज सकाळी ते ओसरीवर येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात पोटच्या पोराला चोर म्हणत. मूळ रंग पाहिला तर ते मोटार ओळखतील, आपल्यालाही ओळखतील, एवढीच त्या मुलाची आशा होती. पण रंग नेमका कुठला, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. जुन्या फोटोंत सगळंच करडं होतं. घरची लाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने दार लोटून घेतलं होतं.

उस्ताद पुढे म्हणाले, "संशय घेतलास याचा मला राग नाही. पत्र्यावर विश्वास ठेवू नकोस, वाजवून बघ, हे मीच तुला शिकवलं. एक शिकवायचं राहिलं. रंग काढताना खाली काय आहे ते बघायचं असतं, तसं हाताखालून काय जातंय तेही बघायचं असतं. प्रत्येक थर काही लपवण्यासाठी बसलेला नसतो. आबांचं हेच झालंय. पोरगा रोज समोर येऊन उभा राहतो, त्यांच्या पायाला हात लावतो, आणि ते त्याच्या पाठीमागे दडलेली चोरी शोधत बसतात. पोरगा त्यांना दिसतच नाही. त्यांचं वय झालंय, भानुदास. तुझं काय?"

नंतरचे काही दिवस रंग जुळवणारा अंदाजाने रंग कालवत राहिला. भानुदास ते रंग पत्र्याच्या तुकड्यांवर लावून आबांकडे घेऊन जाई. पिस्ता, आकाशी, दुधी, राखी, चिंतामणी, सगळे झाले. आबा ओसरीवर बसून प्रत्येक तुकडा उन्हात धरून बघत आणि खाली टाकत. ह्यो न्हाई. ह्यो बी न्हाई. तुलाबी त्यानंच पाठीवलंय, मला बनवायला. आत दाराआड उभा असलेला व्यापारी हे ऐके आणि माघारी वळे. भानुदासला ते पाठमोरे खांदे दिसत आणि आपण त्या घरातून काय खरवडून नेलं, हे त्याला रोज नव्याने कळे.

अखेर एक दिवस तो तुकडे न घेताच गेला. आबांच्या समोर जमिनीवर बसला आणि त्याने खरं ते सांगून टाकलं. तुमच्या गाडीवर मूळ रंग तळहाताएवढा उरला होता. मला वाटलं गाडी चोरीची आहे, म्हणून मी तो खरवडला. आता तो रंग जगात कुठेच नाही. मी तुमच्या गाडीचं वाटोळं केलं.

आबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत नेहमीचा तो बारीक संशय होता आणि तो भानुदासच्या चेहऱ्यावरून सावकाश फिरत होता. इतकं नीट त्याच्याकडे कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

"घरातली समदी म्हणत्यात, आबा, काय बी झालं न्हाई, गाडी हाय तशी हाय," आबा म्हणाले. "तूच पयला म्हणतोस की वाटोळं झालं." त्यांनी मान पुढे केली. "माझ्याच गाडीचं केलंस न्हवं?"

"तुमच्याच."

"म्हंजे गाडी हाय म्हणायची," आबा म्हणाले आणि काठीसाठी त्यांनी हात पुढे केला.

त्यांना गॅरेजमध्ये आणलं तेव्हा मोटार नखशिखान्त उघडी होती, नुसता करडा पत्रा. आबांनी बॉनेटवरून हात फिरवत नेला. पुढच्या चाकावरच्या मडगार्डच्या एका जुन्या पोच्यात त्यांचा अंगठा जाऊन बसला आणि तिथेच थांबला. कुठल्याशा बाजारातला बैल, एवढंच ते पुटपुटले. मग मागचं दार उघडून ते आत टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

व्यापारी लांब खांबाला टेकून उभा होता. जवळ येण्याचं त्याला धैर्य होत नव्हतं. रंग कुठला द्यायचा, असं उस्तादांनी आबांना विचारलं. आबांनी डोळे उघडले, इकडे तिकडे पाहिलं, आणि मुलगा दिसल्यावर त्याच्याकडे बोट केलं.

"त्याला इचारा," ते म्हणाले. "त्यो सांगंल."

तो माणूस रडला. गिऱ्हाइकाला रडताना बघायची उस्तादांना सवय नव्हती, म्हणून ते चहा सांगायला बाहेर गेले.

दुसऱ्या सकाळी आबांनी पुन्हा मुलाला चोर म्हटलं की नाही, हे मला ठाऊक नाही. असली दुखणी एका दिवसात बरी होत नाहीत, आणि म्हटलं असेल तर त्यात नवल नाही. पण मोटारीला मुलाने निवडलेला फिकट हिरवा रंग लागला. मूळचा तोच होता का, हे कुणीच सांगू शकत नाही. सगळं झाल्यावर भानुदासने पितळी पट्टी घासून लख्ख केली. खालची तळहाताएवढी जागा त्याने रंगवली नाही. नुसतं तेलाचं बोट फिरवून त्याने तिच्यावर पट्टी बसवली आणि स्क्रू आवळले. उस्ताद शेजारीच उभे होते. या खेपेला कारण विचारायची पाळी त्यांची होती, पण त्यांनी ते विचारलं नाही, आणि पाडव्याला गॅरेजच्या किल्ल्या काही न बोलता भानुदासच्या हातात ठेवल्या.

आपणही घरीदारी कुणाला ना कुणाला रोज थोडं खरवडत असतो. हात चालू असताना मधूनच थांबून समोर कुठला रंग आहे, तेवढा बघून ठेवावा.